काटा थांबतो तेव्हा

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जिममध्ये ट्रेडमिलसाठी ताटकळावं लागतं आणि होळी येईपर्यंत तीच यंत्रं ओस पडतात, हे आता विनोद म्हणूनही जुनं झालं. पहाटे टेकडीवर दिसणारे कोरे बूट, सोसायटीच्या आवारातल्या फेऱ्या, फ्रीजवर चिकटवलेला डाएटचा तक्ता यांचीही गत फारशी वेगळी नसते. हा खास आपल्याकडचा आळस आहे असंही नाही. स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उल्रिके माल्मेंडिअर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या साडेसात हजारांहून अधिक सभासदांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरहून अधिक वर्गणी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चारपाच वेळाच क्लबात फिरकत होते. म्हणजे एक खेप त्यांना १७ डॉलरला पडत होती आणि खेपेला १० डॉलर पडणारा पास त्याच क्लबात मिळत होता. पैसे भरताना या लोकांनी कोणाला फसवलं नव्हतं. आपण नेमाने येऊ असं त्यांना मनापासून वाटत होतं.

उत्साह मावळला की त्याचं कारण घरोघरी एकच सांगितलं जातं: मनाचा निग्रह नाही. सांगणारा ठासून सांगतो आणि ऐकणारा मान खाली घालून कबूल करतो. मला हे निदान चुकीचं वाटतं, आणि ते चुकीचं असल्यामुळे उपायही चुकतो. ज्याचा निग्रह कमी पडला असं ठरतं त्याला पुढच्या वेळी दुप्पट निग्रह करायला सांगतात. तो अधिक कडक डाएट धरतो आणि अधिक लवकर सोडतो. वजन कमी करायला निघालेल्या माणसाची इच्छा बहुतेक वेळा स्वभावातल्या खोटीमुळे आटत नाही. ती ज्या आधारावर उभी केलेली असते तो आधारच काही महिन्यांनी हमखास निघून जातो. हा आधार म्हणजे वजनकाट्यावरचा आकडा. तो का थांबतो आणि तो थांबल्यावर इच्छा कशावर उभी राहू शकते, हे पाहण्यासारखं आहे.

सुरुवात होते ती एका फसव्या बक्षिसाने. शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भात-पोळी एकदम कमी केली की पहिल्यांदा हा साठा रिकामा होतो आणि त्याच्याबरोबर पाणीही जातं. त्यामुळे पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरल्याची बातमी घरभर पसरते. त्यातली चरबी थोडीच असते. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तरी आठवड्याला अर्धा किलोही चरबी जळत नाही, हा गुणाकार कोणीही करून पाहू शकतो. दुसऱ्या आठवड्यात काटा मंदावतो तेव्हा काहीही बिघडलेलं नसतं. पण पहिल्या आठवड्याने अपेक्षा अशी चढवून ठेवलेली असते की खरी, निरोगी गती अपयशासारखी दिसू लागते.

खरी अडचण पुढे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केव्हिन हॉल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ मध्ये एका मधुमेहविरोधी औषधाच्या चाचणीची आकडेवारी नव्याने उलगडली. या औषधामुळे रुग्णांच्या लघवीतून रोज काही साखर बाहेर जात होती. आपण कॅलरी गमावतो आहोत याची जाणीव रुग्णांना नव्हती. त्यांनी कोणतंही डाएट धरलेलं नव्हतं, कसला संकल्पही सोडलेला नव्हता. तरीही वजन जसं घटत गेलं तशी त्यांची भूक वाढत गेली. हिशेब असा निघाला की घटलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २०-३० कॅलरींनी कमी होतो आणि भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. दहा किलो उतरवलेल्या माणसाचं शरीर त्याच्याकडे रोज जवळजवळ हजार कॅलरी जास्त मागत असतं, तेही आधीपेक्षा कमी खर्च करत असताना. मेलबर्नमध्ये प्रिया सुमित्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट रक्तात पाहिली. ५० जणांना दहा आठवडे अतिशय कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलं, त्यांचं वजन सरासरी साडेतेरा किलोंनी उतरलं. नंतर वर्ष उलटलं, काहींचं वजन पुन्हा वाढू लागलं होतं, तरी पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन खालीच होतं आणि भुकेची हाक देणारं घ्रेलिन वरच होतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ असा की ‘शरीराला सवय होईल, मग भूक लागणार नाही’ हे आश्वासन निदान पहिल्या वर्षापुरतं तरी खोटं आहे.

भूक मनाचं काय करते, याचा जुना आणि विलक्षण दाखला मिनेसोटा विद्यापीठात मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा जेवू कसं घालावं हे समजून घेण्यासाठी अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं. हे तरुण साधे नव्हते. सद्सद्विवेकाला पटत नाही म्हणून सैन्यात जायला नकार देणारे आणि त्याऐवजी हा त्रास स्वतःहून पत्करणारे. त्यांच्या निग्रहाबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. वजन सुमारे पाव हिश्शाने घटेपर्यंत यांतल्या अनेकांचं जग जेवणापुरतं उरलं होतं. ते पाककृतींची पुस्तकं गोळा करत, ताटातला घास तासन्‌तास पुरवत, राजकारणावरच्या चर्चा आणि मैत्रिणी दोन्हींतला रस हरवून बसले. हा प्रयोग उपासमारीचा होता, आपण करतो त्या डाएटचा नव्हे, हे खरंच आहे. दोन्हींची तुलना जशीच्या तशी करणं अन्यायाचं होईल. पण दिशा तीच आहे. साखरेच्या डब्याकडे दहादा वळणारं मन दुबळं असतं असं नाही, त्याच्या मागे भूक उभी असते.

आता बक्षीस आणि भूक हे दोन धागे जोडून पाहावेत. पहिल्या महिन्यात बक्षीस मोठं असतं आणि कष्ट कमी. सहाव्या महिन्यात, म्हणजे बहुतेकांचा काटा जिथे थबकतो तिथे, भूक सर्वांत मोठी असते आणि बक्षीस शून्यावर आलेलं असतं. कष्ट वाढत जावेत आणि मोबदला घटत जावा अशा नोकरीत कोणीही टिकत नाही, आणि ती सोडणाऱ्याला आपण आळशी म्हणत नाही. वजनाच्या आकड्याकडे पाहून चाललेला माणूस नेमक्या याच नोकरीत अडकलेला असतो.

यात भर पडते ती अपेक्षांची. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गॅरी फॉस्टर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६० स्थूल स्त्रियांना उपचार सुरू होण्याआधीच विचारलं होतं की किती वजन उतरलं तर तुम्हाला आनंद होईल, किती उतरलं तर चालेल आणि किती उतरलं तर निराशा होईल. त्यांचं लक्ष्य होतं शरीराच्या वजनाचा जवळजवळ एक तृतीयांश हिस्सा. १७ किलो उतरणं ही त्यांच्या लेखी निराशा होती. ४८ आठवड्यांनी त्यांचं वजन सरासरी १६ किलोंनी उतरलं होतं. कोणत्याही डॉक्टरने पाठ थोपटावी असं हे यश, पण जवळजवळ निम्म्या जणी स्वतःच आखलेल्या निराशेच्या रेषेपर्यंतही पोचल्या नव्हत्या. आपल्याकडे ‘एका महिन्यात दहा किलो’ अशा जाहिराती रिक्षांच्या पाठीवर फिरतात आणि लग्नाची तारीख ठरली की घराघरांत तसलेच आकडे बोलले जातात. निराशेची सोय पहिल्या दिवशीच करून ठेवलेली असते.

मग मोजावं काय? याचं उत्तर मला डॅलसमधल्या एका छोट्या, पण फार बोलक्या प्रयोगात दिसतं. १९६६ साली तिथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगितलं. उठले तेव्हा त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे आपण साध्या भाषेत ज्याला दम म्हणतो ती, पाव हिश्शाहून अधिक घसरली होती. तीस वर्षांनी, पन्नाशीत आलेल्या त्याच पाच जणांना संशोधकांनी पुन्हा गाठलं. मधल्या काळात त्यांचं सरासरी वजन ७७ किलोंवरून १०० किलोंवर गेलं होतं आणि शरीरातल्या चरबीचं प्रमाण १४ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर. तरी तीस वर्षांच्या वयाने दमाचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त नुकसान विशीतल्या तीन आठवड्यांच्या लोळण्याने केलं होतं. मग त्यांना सहा महिने चालणं, हळू पळणं, सायकल चालवणं असा हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम दिला. सहा महिन्यांनी पाचही जणांचा सरासरी दम ते वीस वर्षांचे असताना, अंथरुणावर पडण्याआधी, होता तेवढा परत आला. वजन मात्र चार-पाच किलोच उतरलं. वजनकाट्याला विचारलं असतं तर त्याने या माणसांना नापास केलं असतं. त्यांच्या दमाने तीस वर्षं परत मिळवली होती.

पाच माणसांवरून जगाचा नियम ठरत नाही, हा आक्षेप योग्य आहे. म्हणून मोठ्या संख्येकडे वळू. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवर तीन वर्षं अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला मिळाला त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना चालणं आणि आहारातले बदल नेटाने करायला लावले त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर राहिलं. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की या गटाचं वजन म्हणण्यासारखं उतरलेलंच नव्हतं. काट्यावर काहीच घडलं नाही आणि रक्तात बरंच घडलं. भारतीय शरीराच्या बाबतीत काटा मुळातच किती अपुरं सांगतो, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःचं शरीर पुढे करून दाखवलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचं शेजारी शेजारी उभं असलेलं छायाचित्र छापून आलं. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात साठलेली चरबी वजनाच्या आकड्यात दिसत नाही, म्हणून आपल्याकडे कमरेचा घेर पाहतात: पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा. घरातली शिवणाची टेप त्यासाठी पुरते.

दमाचा आणि ताकदीचा दुसरा फायदा असा की तो लवकर दिसतो. नियमित भरभर चालायला लागल्यावर काही दिवसांतच रक्तातला द्रव वाढतो आणि तेवढ्याच चालीला हृदयाला कमी ठोके द्यावे लागतात. वजनं उचलायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती स्नायू फुगल्यामुळे नव्हे. मज्जातंतू त्याच स्नायूंना अधिक चांगलं कामाला लावायला शिकतात म्हणून. तिसऱ्या मजल्यावर पोचताना तुटणारं बोलणं महिन्याभरात सलग होतं. ज्यांनी पूर्वी कधी व्यायाम केला आणि मग वर्षानुवर्षं सोडला, त्यांच्यासाठी आणखी एक दिलासा आहे. ओस्लोमध्ये २०१० साली उंदरांवर झालेल्या संशोधनात असं दिसलं की व्यायामाने स्नायूंच्या पेशींत वाढलेली केंद्रकं व्यायाम थांबून स्नायू बारीक झाल्यावरही टिकून राहतात. पुन्हा सुरुवात करणारा बहुधा अगदी शून्यावरून सुरू करत नसतो.

यावर कोणी म्हणेल की हे सगळं वजन न उतरल्याचं समर्थन आहे. तसं नाही. वजनाचं महत्त्व कोणी नाकारू नये. गुडघे दुखणाऱ्या माणसाचं एक किलो वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. २००२ च्या अमेरिकेतल्या मोठ्या मधुमेह-प्रतिबंध चाचणीत शरीराच्या वजनाच्या ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हे लक्ष्य ठेवून मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी करता आलं. ७ टक्के म्हणजे ८० किलोंच्या माणसाचे साडेपाच-सहा किलो. शरीराला हवं असतं ते इतकंच असतं. आरशाला हवं असतं ते तीस. माझं म्हणणं फक्त एवढं आहे की वजन हा परिणाम म्हणून चांगला आहे, रोजचा मोबदला म्हणून वाईट. अमेरिकेत रीना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ मध्ये अशा लोकांची एक नोंदवही सुरू केली ज्यांनी निदान साडेतेरा किलो वजन उतरवून ते वर्षभर टिकवलं आहे. दहा हजारांहून अधिक लोक तीत आहेत. त्यांच्यातले तीन चतुर्थांश आठवड्यातून निदान एकदा वजन करतात, म्हणजे काटा ते फेकून देत नाहीत. पण त्यांच्यासाठी काटा वाढ वेळेत दाखवणारी सूचना आहे. त्यांच्यातले ९० टक्के लोक सरासरी रोज तासभर व्यायाम करतात, आणि तो चालू राहतो कारण तो आता काट्याच्या परवानगीवर अवलंबून नाही. ही यशस्वी लोकांचीच यादी आहे, अपयशी ठरलेल्यांनीही हेच केलं असेल, अशी शंका घेता येते आणि ती बिनबुडाची नाही. तरी वजन टिकवताना व्यायामाचा वाटा मोठा असतो, या मुद्द्यावर इतर अभ्यासही याच बाजूने बोलतात.

कोणतं डाएट, हा आपल्याकडचा सर्वांत आवडता वाद मी थोडक्यात उरकतो. दिवसातून दोनदाच जेवायचं सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि थोडं थोडं अनेकदा खायला सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर यांच्यावरून मराठी घरांत, लग्नाच्या पंगतींत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पक्ष पडले होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६०९ लोकांना वर्षभर कमी स्निग्ध किंवा कमी पिष्टमय आहार घ्यायला सांगितलं होतं. एका गटाचं वजन सरासरी ५.३ किलोंनी उतरलं आणि दुसऱ्याचं ६ किलोंनी, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने सारखंच. प्रत्येक गटाच्या आत मात्र कोणाचं ३० किलो उतरलं होतं तर कोणाचं १० किलो वाढलं होतं. जे वर्षभर पाळता येईल ते डाएट चांगलं. बाकीचा वाद पंगतीत रंगतो तिथेच बरा.

पाळता कसं येईल, याबद्दल मानसशास्त्राकडे आता बरीच ठोस माहिती आहे, आणि ती प्रेरणेच्या भाषणांच्या विरोधात जाते. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, जो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एकाला काहीच सांगितलं नाही, दुसऱ्याला व्यायामाचे फायदे आणि हृदयविकाराचं भय नीट समजावून दिलं, तिसऱ्याला तेच समजावून वर एक वाक्य लिहून द्यायला लावलं: येत्या आठवड्यात मी अमुक वारी, अमुक वेळी, अमुक ठिकाणी व्यायाम करेन. आठवडाभरात एकदा तरी व्यायाम केलेले पहिल्या गटात ३८ टक्के होते, दुसऱ्यात ३५ टक्के आणि तिसऱ्यात ९१ टक्के. नुसत्या प्रेरणेने काहीही भर घातली नव्हती. वार, वेळ आणि जागा यांनी घातली. कारण असं की ठरलेली वेळ आली की ‘जाऊ की नको’ हा प्रश्नच उठत नाही, आणि इच्छाशक्ती खर्च होते ती बहुतेक याच प्रश्नावर. मुलांना शाळेच्या बसमध्ये बसवून तिथूनच चालायला जाणारी बाई, ‘वेळ मिळाला की जाईन’ म्हणणाऱ्या बाईपेक्षा जास्त दिवस चालते. अर्थात वेळ सगळ्यांच्या हातात सारखा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी मांडलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातले ४२ टक्के पुरुष आणि ५७ टक्के स्त्रिया पुरेशी हालचाल करत नव्हत्या. ही दरी स्त्रियांच्या इच्छेतली नाही. सकाळचा डबा, संध्याकाळचा स्वयंपाक आणि अंधार पडल्यावर एकटीने चालण्याजोगे रस्ते नसणं, हे त्या आकड्यात धरलं पाहिजे.

सवय एकवीस दिवसांत लागते, ही समजूतही एकदाची सोडून द्यावी. तिचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात सापडतो. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची रुग्णांना सवय व्हायला निदान तेवढे दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हा एखादी कृती आपोआप घडू लागायला मधली संख्या ६६ दिवसांची निघाली, आणि माणसामाणसात ती १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होती. साध्या गोष्टींची सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. या अभ्यासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग वेगळाच आहे: मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर काही म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. खंड पडणं हा गुन्हा नाही. तो पडल्यावर ‘आता सगळंच गेलं’ म्हणून दिवाळीच्या फराळापासून तुळशीच्या लग्नापर्यंत सुटलेली जीभ, हे मात्र नुकसान. केटी मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या एका जिमसाखळीच्या ६१ हजारांहून अधिक सभासदांवर ५४ वेगवेगळ्या युक्त्या एकाच वेळी करून पाहिल्या. सर्वांत चांगली ठरली ती युक्ती गंमतीची होती: व्यायाम चुकल्यानंतर पुन्हा येणाऱ्याला अगदी किरकोळ जादा बक्षीस. रोज येण्यापेक्षा परत येण्याचं कौतुक जास्त कामाला आलं. हेही सांगायला हवं की चार आठवड्यांनी कार्यक्रम संपल्यावर बहुतेक युक्त्यांचा परिणाम ओसरला. बाहेरून लावलेली ढकल थोड्या अंतरापर्यंतच नेते.

आता दुसरा, अधिक जुना आक्षेप. इतकं समजुतीने घेतलं तर माणूस सैलावेल, थोडं टोचून बोलल्याशिवाय कोणी हलत नाही, असं आपल्याकडे प्रेमापोटीच मानलं जातं. ‘किती सुटलीस गं’ हे वाक्य लग्नकार्यात नमस्काराच्याही आधी येतं. पुरावा याच्या उलट आहे. इंग्लंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे तीन हजार लोकांच्या वजनाची चार वर्षांच्या अंतराने तुलना केली गेली. वजनावरून आपल्याला कमी लेखलं जातं असं सांगणाऱ्यांचं वजन त्या काळात सरासरी सुमारे एक किलोने वाढलं, बाकीच्यांचं पाऊण किलोच्या आसपास घटलं. कारण आणि परिणाम यांची गाठ अशा अभ्यासातून पक्की बसत नाही. पण प्रयोगही आहेत. क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थिनींना आधी डोनट खायला दिला. त्यांतल्या काहींना संशोधकांनी सहज म्हटलं की असं सगळेच खातात, मनाला लावून घेऊ नका. नंतर चव सांगण्याच्या निमित्ताने चॉकलेट-गोळ्या पुढे ठेवल्या, तेव्हा एरवी खाण्यावर कडक बंधनं घालणाऱ्या मुलींपैकी ज्यांना हा दिलासा मिळाला होता त्यांनी कमी खाल्ल्या. अपराधी वाटणारं मन सावध होत नाही. ते विसरायला बघतं, आणि विसरायचा सर्वांत सोपा मार्ग डब्यात असतो. पोर्तुगालमध्ये स्त्रियांवर तीन वर्षं चाललेल्या अभ्यासातही हेच दिसलं: ज्यांना व्यायाम स्वतःसाठी हवासा वाटू लागला त्यांचं वजन टिकलं, ज्या कोणाच्या तरी दडपणाखाली करत राहिल्या त्यांचं टिकणं कठीण गेलं.

तिसरा आक्षेप नवा आहे आणि तो दरवर्षी मोठा होत जाईल. आता इंजेक्शनं आली आहेत, मग इच्छेबिच्छेची चर्चा कशाला? २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही औषधं वजन कमी करण्यासाठी भारतात मिळू लागली. सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन घटलं. ज्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती खरोखर गरजेची आहेत त्यांनी ती घ्यावीत, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मला तर या औषधांत वरच्या सगळ्या युक्तिवादाचा सर्वांत भक्कम पुरावा दिसतो. वर्षानुवर्षं ज्यांना खादाड आणि आळशी म्हटलं गेलं, त्यांच्या भुकेचा निरोप बदलताच तेच लोक अर्ध्या ताटावरून उठू लागले. स्वभाव इंजेक्शनने बदलत नाही, भूक बदलते. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश वजन परत आलं, हेही त्याच चाचणीच्या पुढच्या नोंदींत आहे. शिवाय उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. स्नायू राखण्याचं काम कोणतंही इंजेक्शन करत नाही, त्यासाठी वजनं उचलावी लागतात, जिना चढावा लागतो, ताटात डाळ, उसळ, अंडं किंवा मासळी पुरेशी असावी लागते. म्हणजे औषध घेणाऱ्यालाही रोज उठून काही करण्याचं कारण लागतंच.

तेव्हा सुरुवात करणाऱ्याने पहिल्याच दिवशी वहीत वजनाबरोबर आणखी तीन गोष्टी लिहाव्यात: कमरेचा घेर, न थांबता किती मिनिटं भरभर चालता येतं, आणि हातांचा आधार न घेता अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता येतं. महिन्यातून एकदा त्या पुन्हा मोजाव्यात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावं. व्यायामाने साखर खाली येते आणि औषधाचा डोस बदलावा लागू शकतो. आणि घरातल्यांना एक विनंती. घरात कोणी चालायला लागलं असेल, तर रोज संध्याकाळी ‘किती उतरलं?’ असं विचारू नका. त्या वेळेपुरता स्वयंपाकाचा किंवा मुलांचा भार उचला आणि जमलं तर बूट घालून बरोबर निघा.